कान्हेरीची वाट कुणी बांधली?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सुट्टीच्या दिवशी हजारो माणसे येतात. कान्हेरीला पोहोचलेले बहुतेक जण तीन क्रमांकाचे चैत्यगृह पाहतात, फोटो काढतात आणि परततात. वर डोंगरावर जाणारी, कातळात पायऱ्या खोदलेली वाट मात्र ओस असते. अलीकडे ट्रेकिंगवाल्यांना ती सापडू लागली आहे. पण त्यांच्या लेखी ती ‘मुंबईजवळची जंगलातली अनवट पायवाट’. आमचा आक्षेप इथेच आहे. ही वाट जंगलाने दिलेली नाही. ती माणसांनी बांधली, आणि कुणी बांधली तेही दगडावर कोरलेले आहे.

कान्हेरीच्या एका ब्राह्मी लेखात कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने ‘पथ’ दान दिल्याची नोंद आहे. मित्रहो, थांबून विचार करा. ऐरण-हातोड्यावर जगणारा एक कारागीर भिक्खुसंघासाठी रस्ता करून देतो आणि त्याचे नाव सुमारे दोन हजार वर्षे टिकते! पुढच्या काळात ज्या व्यवस्थेने कारागिरांना शूद्र ठरवून अक्षरापासून तोडले, तिच्या कोणत्या ग्रंथात लोहाराला असा मान आहे?

कुणी म्हणेल, लेणी तर राजाश्रयावर उभी राहिली. सातवाहन राणीचा उल्लेख कान्हेरीत आहे, हे खरेच. पण तोही अमात्य शतेरकाने दिलेल्या पाण्याच्या पोढीच्या लेखात. बाकी लेख वाचा: कल्याण, सोपाऱ्याचे व्यापारी, सोनार, उपासक-उपासिका, भिक्षुणी. यज्ञश्री सातकर्णीच्या काळात कल्याणच्या अपरेणु नावाच्या व्यापाऱ्याने ८१ क्रमांकाचे लेणे दिले. संघाच्या खर्चासाठी २०० कार्षापणांची अक्षयनिधी ठेवली आणि मंगलथान गावातले शेतही दिले. मंगलथान म्हणजे आजचे मागाठाणे! मेट्रोने रोज त्या स्टेशनावर उतरणाऱ्या आपल्या किती पोरांना हे ठाऊक आहे?

त्या वाटेने वर चढलात की दगडात खोदलेल्या पोढ्या आणि पन्हळी दिसतात. शंभराहून अधिक लेण्यांच्या या महाविहाराने पावसाचे पाणी थेंबाथेंबाने साठवले. पुढे ८७ क्रमांकाजवळ विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. ती दिवंगत थेरांची स्मारके. त्यांचे स्मृतिलेख शोभना गोखले यांनी १९७०च्या दशकात उजेडात आणले. ९० क्रमांकाच्या लेण्यात तर इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी प्रवाशांचे पहलवी लेख आहेत. परधर्मीयांना दार उघडे होते, याचा हा दगडी पुरावा.

हे पुसले कसे जाते? नेहमी तोडफोड करूनच नव्हे. नाव बदलले की पुरते. अंधेरीचे कोंडिविटे हे बौद्ध लेणे आज ‘महाकाली’ म्हणून ओळखले जाते. रस्ताही त्याच नावाचा. मागाठाण्याची लेणी वस्तीने वेढली आहेत. आणि कान्हेरीची वाट ‘निसर्गरम्य’ या एका शब्दाखाली गाडली जाते.

‘निर्मनुष्य जंगल’ ही कल्पनाच मुळात सोयीची आहे. याच जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इथल्या हजारो झोपड्यांवर हातोडा पडला. जंगल वाचायलाच हवे. पण ज्यांचा इतिहास कोरलेला आहे ते विस्मरणात, आणि जे आज जगत आहेत ते ‘अतिक्रमक’, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

म्हणून आंबेडकरी तरुणांनो, कान्हेरीला फक्त बुद्धपौर्णिमेला जाऊ नका. एरवीही जा. वनविभागाचे नियम पाळून, प्लास्टिक न टाकता, भिंतींवर स्वतःची नावे न खरडता त्या वरच्या वाटेने चला. सोबत लेखांचे मराठी भाषांतर न्या आणि जागेवर उभे राहून मोठ्याने वाचा. पुरातत्त्व खात्याकडे मागणी करा: प्रत्येक लेखाशेजारी मराठीत फलक लावा, आणि पहिला फलक नंद लोहाराच्या नावाचा असू द्या.

१९५६ला बाबासाहेबांनी आपल्याला धम्माच्या वाटेवर आणले. ती वाट या डोंगरातूनही गेली आहे. ती चालत राहिली तरच आपली राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!