बोर्निओमधील वन्य सस्तन प्राण्यांचे निरीक्षण

बोर्निओमधील वन्य सस्तन प्राण्यांचे निरीक्षण हा आग्नेय आशियातील बोर्निओ बेटाच्या वर्षावनांत चालणारा निसर्गपर्यटनाचा व प्राणिशास्त्रीय क्षेत्राभ्यासाचा एक प्रकार आहे. ओरांगउटान, लांब नाकाचे प्रोबॉसिस माकड, बोर्निओ हत्ती, क्लाउडेड बिबट्या, सूर्य अस्वल आणि टार्सियर हे येथील विशेष परिचित प्राणी होत. वटवाघळांसह सस्तन प्राण्यांच्या सुमारे २२० जाती बेटावर नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी चाळीसहून अधिक जाती अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. जातींची विविधता मोठी असली तरी सलग व अबाधित अरण्यात प्राणी क्वचितच दृष्टीस पडतात. याउलट काही ठिकाणी ते सहज दिसतात, याचे एक कारण त्यांचा अधिवास आक्रसला आहे हे होय. त्यामुळे प्राणिदर्शनाच्या सुलभतेवरून वनाच्या आरोग्याचा अंदाज बांधता येत नाही.

भूगोल आणि अधिवास

बोर्निओ हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,४३,००० चौरस किलोमीटर असून ते इंडोनेशिया (कालिमंतान), मलेशिया (साबा व सारावाक ही राज्ये) आणि ब्रुनेई या तीन देशांत विभागलेले आहे. विषुववृत्त या बेटावरून जाते. साबातील दानुम खोऱ्यात वर्षाला सुमारे २,८०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणातही जवळजवळ एवढा पाऊस होतो, परंतु तो मुख्यतः चार महिन्यांत पडतो; दानुममध्ये तो वर्षभर विभागलेला असतो.

सखल प्रदेशातील वनांत डिप्टेरोकार्प कुलातील वृक्षांचे प्राबल्य आहे. भारतातील साल वृक्ष याच कुलातील होय. दानुम खोऱ्यात या कुलातील एका वृक्षाची उंची १०० मीटरहून अधिक मोजण्यात आली असून तो उष्ण कटिबंधातील सर्वांत उंच ज्ञात वृक्षांपैकी एक आहे.

प्राणी विरळ दिसण्याची कारणे

पहिले कारण वनाच्या रचनेत आहे. बहुसंख्य सस्तन प्राणी वृक्षवासी असून त्यांचा वावर जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवरील दाट पर्णसंभारात असतो. दुसरे कारण निशाचरत्व हे होय. उदमांजरे, लोरिस, उडत्या खारी, कोलुगो, साळिंदर व पिसोरी हरणे यांची हालचाल प्रामुख्याने रात्री होते.

तिसरे कारण अन्नाशी निगडित आहे. डिप्टेरोकार्प वृक्ष दरवर्षी फळत नाहीत. साधारणतः दोन ते दहा वर्षांच्या अनियमित अंतराने अनेक जातींचे असंख्य वृक्ष एकाच वेळी बहरतात व फळतात. या सामूहिक फलनाचा संबंध बहुधा एल निनोच्या काळातील कोरड्या हवामानाशी असतो. मधल्या वर्षांत फळांचा तुटवडा असतो. त्यामुळे फलाहारी प्राण्यांची संख्या मर्यादित राहते व ते विस्तीर्ण क्षेत्रात विखुरतात. अशा काळात वड-उंबराच्या फायकस प्रजातीतील वृक्ष महत्त्वाचे ठरतात, कारण त्यांपैकी कोणते ना कोणते झाड वर्षभर फळलेले असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात प्राणिनिरीक्षण आणि नमुनेसंग्रह हे वेगळे मानले जात नव्हते. ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ ते १८५६ या काळात सारावाकमध्ये होता. त्याने ओरांगउटानांची शिकार करून त्यांची कातडी व सांगाडे जमवले. त्याच वेळी त्यांचे चालणे, खाणे व घरटे बांधणे यांच्या सविस्तर नोंदीही केल्या. अनाथ झालेले एक पिल्लू त्याने काही महिने सांभाळले होते. १८६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मलय आर्किपेलागो’ या त्याच्या ग्रंथात हे वर्णन आले आहे.

वन्य ओरांगउटानांचे दीर्घकालीन निरीक्षण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. जॉन मॅकिनन यांनी १९६८ पासून साबात, तर बिरुटे गाल्डिकास यांनी १९७१ पासून मध्य कालिमंतानमधील तांजुंग पुटिंग येथे अभ्यास केला. दानुम खोऱ्यातील संशोधन केंद्र १९८६ मध्ये सुरू झाले. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या प्रसारानंतर क्वचितच दिसणाऱ्या मार्जारकुलीन प्राण्यांविषयी पुष्कळ माहिती मिळाली. बोर्निओ व सुमात्रा येथील क्लाउडेड बिबट्या हा आशियाच्या मुख्य भूमीवरील क्लाउडेड बिबट्याहून वेगळ्या जातीचा असल्याचे २००६ मध्ये मांडण्यात आले. बोर्निओत वाघ नसल्यामुळे हाच तेथील सर्वांत मोठा मार्जारकुलीन शिकारी प्राणी आहे.

निरीक्षणाच्या पद्धती

नदीतून निरीक्षण: नदीपात्रामुळे दाट वनात मोकळी जागा निर्माण होते व काठावरील वृक्ष स्पष्ट दिसतात. प्रोबॉसिस माकडांचे कळप संध्याकाळी मुक्कामासाठी नदीकाठच्या झाडांवर येतात, म्हणून दुपार उलटल्यावर नौकेतून त्यांचे निरीक्षण केले जाते.

रात्रीचे निरीक्षण: उघड्या वाहनातून किंवा पायी, प्रखर झोताच्या विजेरीने झाडे न्याहाळली जातात. अनेक निशाचरांच्या डोळ्यांतील परावर्तक पटलामुळे त्यांचे डोळे चमकतात व प्राणी हेरता येतो. टार्सियरच्या डोळ्यांत असे पटल नसते. त्याचा प्रत्येक डोळा जवळजवळ त्याच्या मेंदूएवढा मोठा असूनही तो या पद्धतीने सहज सापडत नाही. अलीकडे शरीराची उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींचाही वापर होतो.

फळलेल्या वृक्षाजवळ प्रतीक्षा: फळांनी लगडलेल्या वडवर्गीय झाडावर दिवसा गिबन, ओरांगउटान व मोठ्या खारी, तर रात्री बिंटुराँग व उदमांजरे येतात. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू ज्या रटुफा प्रजातीत मोडतो, त्याच प्रजातीतील एक मोठी खार येथे आढळते.

आवाज व खुणा: गिबनांचे पहाटेचे गायन दूरवर ऐकू येते व त्यावरून कळपाचे स्थान कळते. ओरांगउटान सहसा दररोज संध्याकाळी नवे घरटे बांधतो. ते घरटे हेरून ठेवल्यास दुसऱ्या दिवशी पहाटे तो तेथेच सापडण्याची शक्यता असते. घरट्यांच्या गणनेवरून ओरांगउटानांच्या संख्येचा अंदाजही बांधला जातो.

प्रमुख स्थळे

दानुम खोरे (साबा): ४३८ चौरस किलोमीटरचे, बहुतांशी वृक्षतोड न झालेले सखल वर्षावन. वन्य ओरांगउटान, गिबन व तांबडे लंगूर येथे आढळतात.

किनाबातांगान नदी (साबा): ५६० किलोमीटर लांबीची ही नदी मलेशियातील दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी आहे. सुकाउ व बिलित या गावांतून नौका सुटतात. हत्ती व प्रोबॉसिस माकडे यांसाठी हे स्थळ प्रसिद्ध आहे.

देरामाकोट राखीव वन (साबा): सुमारे ५५,००० हेक्टरांच्या या वनात मर्यादित व नियोजित वृक्षतोड चालते. १९९७ मध्ये त्याला फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणपत्र मिळाले. बोर्निओतील पाचही मार्जारकुलीन जातींची येथे नोंद आहे.

किनाबालू पर्वत (साबा): ४,०९५ मीटर उंचीचा पर्वत, २००० पासून जागतिक वारसा स्थळ. येथील डोंगरी वृक्षचिचुंदरी काही घटपर्णी वनस्पतींच्या झाकणावरील मधुर स्राव चाटते व त्याच वेळी तिची विष्ठा घटात पडते. वनस्पतीला त्यातून नायट्रोजन मिळतो.

गुनुंग मुलू (सारावाक): येथील डीअर गुहेतून संध्याकाळी लक्षावधी वटवाघळे अन्नशोधार्थ बाहेर पडतात. हेही २००० पासून जागतिक वारसा स्थळ आहे.

सेपिलोक (साबा): १९६४ मध्ये स्थापन झालेले ओरांगउटान पुनर्वसन केंद्र. येथे प्राण्यांना ठरावीक वेळी अन्न पुरवले जाते. त्यामुळे येथील दर्शनाची गणना सामान्यतः वन्य निरीक्षणात केली जात नाही.

प्राणिदर्शन आणि संवर्धनाची स्थिती

किनाबातांगानच्या पूरमैदानातील वनांचा मोठा भाग वृक्षतोडीनंतर पाम तेलाच्या मळ्यांखाली गेला. उरलेल्या वनातील सुमारे २६,००० हेक्टर क्षेत्र २००५ मध्ये अभयारण्य घोषित झाले, परंतु ते सलग नसून अनेक तुकड्यांत विभागलेले आहे. नदी आणि मळे यांमधील अरुंद पट्ट्यात प्राणी एकवटल्यामुळे ते नौकेतून सहज दिसतात. हत्तींच्या पारंपरिक वाटा मळ्यांनी अडवल्या असून माणूस व हत्ती यांच्यातील संघर्ष वाढला आहे. उंच झाडे तुटल्याने ओरांगउटानांना उपनद्या ओलांडणे कठीण झाले. त्यासाठी काही ठिकाणी दोरखंडांचे पूल बांधण्यात आले व प्राणी त्यांचा वापर करताना आढळले.

दानुममध्ये मात्र वन अधिक सुरक्षित असूनही अनेक दिवस भटकून मोजकेच प्राणी दिसू शकतात. देरामाकोटचे उदाहरण निराळे आहे. तेथे लाकूड वाहतुकीच्या रस्त्यांमुळे रात्री वाहनातून निरीक्षण शक्य होते व मार्जारकुलीन प्राणी दिसण्याची संधी वाढते. तोड मर्यादित ठेवल्यास उत्पादनासाठी वापरले जाणारे वनही प्राण्यांना आश्रय देऊ शकते, हे त्यातून दिसते. मात्र असे रस्ते जेथे अनियंत्रित असतात, तेथे ते शिकाऱ्यांनाही वाट करून देतात. खवले मांजराला या शिकारीची मोठी झळ बसली आहे.

दर्शनाची परंपरा एकाएकी खंडित होऊ शकते. मलेशियातील अखेरची सुमात्री गेंडा मादी २०१९ मध्ये साबात बंदिवासात मरण पावली. दाढीवाले रानडुक्कर पूर्वी साबात सर्वत्र दिसत असे, परंतु २०२१ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर या रोगाच्या साथीने त्याची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने (आययूसीएन) बोर्निओ ओरांगउटानाला २०१६ मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले. त्याची मादी साधारणतः सात-आठ वर्षांनी एकदाच पिल्लाला जन्म देत असल्याने घटलेली संख्या भरून निघण्यास फार काळ लागतो. २०२४ मध्ये बोर्निओ हत्तीची ‘संकटग्रस्त’ म्हणून स्वतंत्र नोंद झाली. त्या वेळी वन्य हत्तींची संख्या सुमारे १,००० असल्याचा अंदाज देण्यात आला.

निरीक्षकांसाठी संकेत

माणसाचे श्वसनरोग वानरकुलातील प्राण्यांना होऊ शकतात. म्हणून सर्दी-खोकला असताना ओरांगउटानांजवळ न जाणे व एरवीही पुरेसे अंतर राखणे अपेक्षित असते. निशाचरांच्या डोळ्यांवर दीर्घकाळ प्रखर प्रकाश टाकू नये. प्राणी हेरल्यानंतर मंद किंवा लाल प्रकाश वापरावा, असे सुचवले जाते. प्राण्यांना खाऊ घालणे, आमिष ठेवणे व हत्तींच्या कळपाची वाट नौकेने अडवणे निषिद्ध मानले जाते. किनाबातांगान काठच्या गावांतील अनेक स्थानिक रहिवासी मार्गदर्शक व नावाडी म्हणून काम करतात. उभ्या वनातून मिळणारे हे उत्पन्न त्याच्या रक्षणाचे एक व्यावहारिक कारण ठरते.