खरी नक्कल

बँकेत बावीस वर्षे कारकुनी केल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, ‘मूळ प्रत आणलीय का?’ हा प्रश्न झोपेतही विचारता येतो. मूळ कागद डावीकडे, झेरॉक्स उजवीकडे, मध्ये माझा चष्मा आणि मग ‘मूळ प्रतीशी पडताळले’ असा शिक्का. या शिक्क्यावर माझा संसार चालतो. तेव्हा घरच्या टेबलावरच्या डब्याकडे बोट दाखवून चिरंजिवांनी ‘बाबा, हे ओरिजिनल आहे की ड्युप्लिकेट?’ असे विचारले, तेव्हा उत्तर अर्ध्या मिनिटात यायला हवे होते. त्याला आता चार महिने झाले.

तो डबा म्हणजे आमचा व्हिडिओ गेम. 1993 साली वडिलांनी बोनसातून आणला, तेव्हा मी तेरा वर्षांचा आणि दादा सोळाचा. त्या दिवसापासून घरात दोन गोष्टी कायमच्या ठरल्या. एक नंबरचा रिमोट दादाचा, दोन नंबरचा माझा, ही पहिली. आणि गेम खेळल्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जाते, हे आईचे मत, ही दुसरी. दोन्हींविरुद्ध अपील नव्हते.

डब्यावर धड कंपनीचे नाव नव्हते. आपण ज्याला जिवापाड जपले ते मुळात जपानच्या ‘फॅमिकॉम’ नावाच्या यंत्राचे अनधिकृत अपत्य आहे, हे मला फार उशिरा कळले. मूळ पुरुष क्योटोचा. निंटेंडो ही 1889 साली स्थापन झालेली पत्ते बनवणारी कंपनी. पत्त्यांचा धंदा करणाऱ्याने पुढे व्हिडिओ गेम काढावा हे आमच्या चाळीतल्या वडीलधाऱ्यांना मुळीच आश्चर्याचे वाटले नसते; त्यांच्या मते पोरे बिघडण्याच्या त्या दोन लागोपाठच्या पायऱ्या होत्या. मासायुकी उएमुरा या इंजिनिअरच्या देखरेखीखाली हे यंत्र तयार झाले आणि 15 जुलै 1983 रोजी 14,800 येनला विक्रीस आले. डोके सेकंदाला सुमारे अठरा लाख ठोक्यांचे आणि कामाची स्मृती दोन किलोबाइट, म्हणजे या लेखाचा एक बरासा परिच्छेद मावेल एवढी. एवढ्या भांडवलावर मारिओने अख्खे जग तुडवले. सुरुवातीच्या यंत्रांत एक चिप सदोष निघाली, तर कंपनीने माल परत बोलावून आतले सर्किट बदलून दिले. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे हा प्रसंग मला मारिओपेक्षा थरारक वाटतो.

अमेरिकेत मात्र त्याला वेषांतर करावे लागले. तिथे 1983 साली व्हिडिओ गेमचा बाजार असा काही कोसळला, की अटारी कंपनीने न खपलेल्या कॅसेटी ट्रकांत भरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी पुरल्या. (2014 साली लोकांनी त्या उकरून काढल्या. आमच्याकडे जुनी व्हाउचरेसुद्धा इतक्या आस्थेने कोणी शोधत नाही.) दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे शब्द ऐकून घेईनात. म्हणून ऑक्टोबर 1985 मध्ये न्यूयॉर्कला हे यंत्र उतरले ते व्हीसीआरसारखा करडा, चौकोनी कोट घालून. कॅसेट समोरून आत सरकवायची आणि खाली दाबायची. या ऐटीपायी आतल्या 72 पिना सैल पडत आणि पडदा लुकलुकत बसे. मग कॅसेट काढा, फुंकर मारा, पुन्हा घाला. फुंकर मारू नका, दमटपणाने पिना गंजतात, असे कंपनीने बजावले. पण काही उपयोग झाला नाही. आमच्या डब्यात कॅसेट वरून खोचायची असे, तरी फुंकर होतीच. टोकियोपासून डोंबिवलीपर्यंत पोरांना ही विद्या कोणी शिकवली, कोण जाणे!

आमच्या नकलेत मूळच्या चिपा गायब होऊन सगळा संसार एका काळ्या डांबरी ठिपक्याखाली आला होता. कॅसेटवर छापलेले असे ‘9999999 इन 1’. आत खेळ मोजून पाच-सहा. तेच पुन्हा पुन्हा नावे बदलून. ताळेबंद फुगवण्याचा धडा मी कॉलेजात जायच्या आधीच गिरवला होता.

या वर्षी माळा आवरताना तो डबा सापडला. प्लास्टिक पिवळे पडलेले, आतले सर्किट मेलेले. टाकून द्यायला हात होईना. तेव्हा चिरंजिवांनी एम्युलेटर या प्रकाराची माहिती दिली. जुना खेळ विचारतो, ‘चिपसाहेब आहेत का?’ आणि एम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम साहेबांच्या आवाजात ‘हो’ म्हणतो. ही युक्तीही पोरखेळातली नव्हे, तर हिशेबातली. 1964 साली आयबीएमने नवी ‘सिस्टिम 360’ ही यंत्रे जाहीर केली, तेव्हा 1401 या जुन्या यंत्राची गिऱ्हाइके आपले बसलेले प्रोग्रॅम सोडायला तयार नव्हती. म्हणून नव्या यंत्राला जुन्याचे सोंग घ्यायला शिकवावे लागले. गिऱ्हाइकाच्या सवयीपुढे आयबीएमही नमते, हे वाचून मला काउंटरवर एकटे वाटेनासे झाले.

लॅमिंग्टन रोडवरून ‘रास्पबेरी पाय’ आणला. हा डेबिट कार्डाएवढा संगणक मूळचा इंग्लंडातल्या केंब्रिजचा, 2012 पासूनचा. जुन्या चिपच्या आठशेपट वेगवान, स्मृती दहा लाख पट. पण डब्यात कोंडल्यावर इतका तापला, की त्याला पंखा द्यावा लागला. आठशेपट हुशार आणि लगेच गरम होणारी माणसे मी हेड ऑफिसात पाहिली आहेत. आतले प्लास्टिकचे खुंट मी पक्कडीने तोडले, कार्ड स्क्रूने बसवले, उरलेले ग्लू गनवर सोपवले. मोबाइलचा चार्जर लावला तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकू लागली. म्हणजे करंट कमी पडतोय. पहिल्या रात्री सवयीने बटण खटकन बंद केले आणि मेमरी कार्डच बिघडले. डे-एंड न करता शाखेला कुलूप लावले, दुसरे काय!

सगळ्यात आवडले ते रिमोटचे काम. त्याची आठ बटणे एकदम ओरडत नाहीत. आतली चिप त्यांना रांगेत उभी करते आणि एकाच तारेवरून एकेकाचा निरोप पाठवते. वीज धरून पाच तारांत कारभार. टोकन पद्धत आमच्याआधी तिथे होती.

मी माझा, म्हणजे दोन नंबरचा, रिमोट जोडला. आणि अडलो. जपानी मुळाबरहुकूम त्याच्यावर ‘स्टार्ट’चे बटणच नव्हते. खेळ सुरू करायचा हक्क एक नंबरला. तो नाशिकला, दादाकडे.

इथे थोडे सांगायला हवे. वडील 2019 साली गेले. पुढे जुनी जागा विकली, तेव्हा साडेतीन लाखांच्या आकड्यावर दादाचे म्हणणे एक पडले, माझे दुसरे. आकडा माझाच बरोबर होता, पण ते असो. सामानाच्या वाटणीत डबा माझ्याकडे आला आणि एक रिमोट चुकून त्याच्या खोक्यात गेला. त्यानंतर आमचा व्यवहार दिवाळीला शुभेच्छांची चित्रे पाठवण्यापुरता.

कीबोर्डवरूनही खेळ सुरू झाला असता. चिरंजिवांनी तसे करूनही दाखवले. पण मी फोन लावला.

“दादा, एक नंबरचा रिमोट तुझ्याकडे आहे का?”

बराच वेळ पलीकडे काही नाही. मग, “आहे.”

“कुरिअर करतोस?”

“कुरिअरवर माझा विश्वास नाही.”

रविवारी सकाळी तो पंचवटीने आला. हातात रिमोट आणि ती ‘9999999’वाली कॅसेट. मी तारा जोडेपर्यंत त्याने दोन वेळा सोल्डरिंगच्या चुका काढल्या. मग त्याने कॅसेट तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली.

“काका, आता तिथे काही कनेक्टच नाहीये,” चिरंजीव म्हणाले.

“असू दे,” म्हणून दादाने ती खोचली. मी गुपचूप मागून चार्जरचे बटण दाबले.

खेळ सुरू झाला. एका ओळीत आठांपेक्षा जास्त आकृत्या आल्या की जुनी चिप गडबडे आणि चित्रे लुकलुकत. एम्युलेटर तेही इमानाने करतो. चिरंजीव ते लुकलुकणे सेटिंगमधून बंद करायला निघाले.

“राहू दे रे. असंच होतं ते,” आम्ही दोघे एकदम म्हणालो.

तिसऱ्या डावाला मी म्हटले, “आता एक नंबर मला दे.”

“का म्हणून?”

बत्तीस वर्षांच्या थकबाकीचा तपशील मी मांडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. “पुरे आता! पिक्चर ट्यूब जाईल ना!”

भिंतीवरच्या टीव्हीला पिक्चर ट्यूब नाही. दादाने माझ्याकडे पाहिले, आवाज बारीक केला, आणि आम्ही दोघे दोन हात मागे सरकून बसलो.