प्रकाशसंश्लेषणाचा शोध आणि कपाशीचे बोंड

लोधीखेडा हे मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातील गाव. कापूस व संत्रा पिकविणाऱ्या या मराठीभाषी पट्ट्यात, इतरत्र आढळते तशीच, ‘खत हेच झाडाचे अन्न’ अशी समजूत विद्यार्थी घरूनच घेऊन येतो. विज्ञानालाही या समजुतीतून बाहेर पडण्यास बराच काळ लागला.

फॉन हेल्माँट याने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून त्यास केवळ पाणी दिले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांचे झाले. माती मात्र सुमारे २ औंसच घटली. हा प्रयोग १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. सर्व वाढ पाण्यातूनच झाली, हा त्याचा निष्कर्ष अपुरा होता. १७७१ मध्ये प्रीस्टले याने पुदिन्याच्या डहाळीने मेणबत्तीमुळे दूषित झालेली हवा पुन्हा शुद्ध होते असे दाखविले. हे कार्य फक्त हिरवे भाग आणि तेही प्रकाशातच करतात, हे इंगेनहाउस याने १७७९ मध्ये सिद्ध केले. कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याचाही वजनवाढीत वाटा असतो, हे सोस्यूर याने १८०४ मध्ये मोजले. पुढे १८६० च्या दशकात झाक्स याने प्रकाशात हरितकणांत स्टार्च साठतो हे दाखवून दिले.

या परंपरेत मुंबईचेही नाव आहे. तेथील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एच. दस्तूर यांनी १९२० च्या दशकात पानातील पाण्याचे प्रमाण आणि प्रकाशसंश्लेषण यांच्या संबंधावर संशोधन प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी पंजाबातील अमेरिकन कपाशीवरील ‘तिरक’ या विकृतीचा अभ्यास केला. तीत पाने लवकर पिवळी पडून गळत, बोंडे अकाली उकलत, सरकी पोचट राही. हलक्या वाळूमिश्रित जमिनीत नत्राची उणीव, तर काही ठिकाणी जमिनीच्या खालच्या थरातील क्षार, ही तिची कारणे त्यांनी दाखविली.

येथेच विद्यार्थ्याच्या समजुतीचे उत्तर मिळते. नत्र हे अन्न नव्हे. हरितद्रव्य आणि प्रथिने घडण्यास ते लागते. त्याअभावी पान निकामी होते. पानात तयार झालेली साखरच पुढे रुईत सेल्युलोज, सरकीत तेल आणि संत्र्यात गोडवा होऊन साठते. पानच गळाले तर बोंड भरणार कशाने? हेल्माँटची घटलेली २ औंस माती आणि तिरकग्रस्त बोंड ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून शिकविल्यास, खत आवश्यक असूनही ते अन्न का नाही, हे कापूसपट्ट्यातील विद्यार्थ्यास त्याच्याच शेतातून उमगेल.