वाचन आणि श्रवण : मुद्रणपूर्व महाराष्ट्रातील सामान्य वाचक

मागील शतकांतील सामान्य माणसे काय व कशी वाचीत असत, या प्रश्नाचे उत्तर बहुधा साक्षरतेच्या आकड्यांत शोधले जाते. इ. स. १९०१ च्या जनगणनेनुसार भारतातील साक्षरांचे प्रमाण शेकडा ५.३५ होते, पुरुषांत ते ९.८३ व स्त्रियांत अवघे ०.६० होते. त्यावरून मागे जाऊन पाहता, पेशवाईत ग्रंथांशी संबंध असलेला वर्ग मूठभरच असला पाहिजे, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु त्याच काळातील श्रीधराच्या पोथ्या खेडोपाडी पोचल्या होत्या आणि त्यांतील कथा निरक्षर स्त्रीपुरुषांना तपशीलवार ठाऊक होत्या. या दोन गोष्टींचा मेळ घालावयाचा, तर ‘वाचणे’ या क्रियापदाने पूर्वी कोणती क्रिया दर्शविली जात असे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

‘वाचणे’ हे क्रियापद संस्कृत ‘वच्’ म्हणजे बोलणे या धातूच्या ‘वाचयति’ या प्रयोजक रूपाशी निगडित आहे. पत्राकडून वा पोथीकडून बोलविणे, हा त्याचा मूळ भाव होय. ‘पढणे’ या दुसऱ्या क्रियापदाच्या मागे ‘पठ्’ धातू असून, तोही उच्चारणाचाच वाचक आहे. ‘पाठ’ या शब्दात मोठ्याने म्हणणे आणि मुखोद्गत असणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ज्याचे ज्ञान विस्तृत आहे, त्याला मराठीत ‘बहुश्रुत’ म्हणतात; म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो. उलट, मुक्या वाचनासाठी स्वतंत्र क्रियापद मराठीत रूढ झाले नाही. ‘मनातल्या मनात वाचणे’ असा विशेषणात्मक प्रयोग करावा लागतो. यावरून सस्वर वाचन हा भाषेच्या दृष्टीने नियम होता व मूक वाचन हा अपवाद होता, असे म्हणावयास हरकत नाही.

हस्तलिखिताची रचनाही याच सवयीला अनुकूल होती. जुन्या बाळबोध पोथीत शब्द सुटे लिहिण्याची चाल नव्हती. अक्षरे एकाच ओळीत सलग चालत आणि विराम दाखविण्यास दंडापलीकडे फारशी चिन्हे नसत. अशा लेखनात शब्द कोठे संपतो, हे डोळ्यापेक्षा कानाला लवकर कळते. ओवीचे चरण व त्यांतील यमक यांमुळे वाचणाऱ्याचा सूर आपोआप योग्य जागी थांबे. आडव्या, न शिवलेल्या पानांची पोथी चौरंगावर ठेवून समोर बसलेल्यांना वाचून दाखविणे सोयीचे होते. ‘वाचून दाखविणे’ हा प्रयोगही येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. जे कानांनी घ्यावयाचे, ते या भाषेत ‘दाखविले’ जाते.

ग्रंथांच्या अंतर्गत पुराव्यानेही हेच सिद्ध होते. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी पदोपदी श्रोत्यांना उद्देशून बोलते. श्रीधराने हरिविजय (इ. स. १७०२), रामविजय (१७०३), पांडवप्रताप (१७१२) व शिवलीलामृत (१७१८) हे ग्रंथ रचले, तेही श्रोत्यांसाठीच. अशा ग्रंथांची फलश्रुती केवळ पठण करणाऱ्याला लाभत नाही. श्रवण करणाराही तिचा अधिकारी मानलेला असतो. अध्याय हे वाचनाचे स्वाभाविक माप होते. हरिविजयाचे ३६ आणि पांडवप्रतापाचे ६४ अध्याय मिळून शंभर होतात. रोज एक अध्याय लावला, तर सुमारे १२० दिवसांच्या चातुर्मासात हे दोन्ही ग्रंथ सावकाश पुरे होतात. कोठे सप्ताहाचे पारायण असे, कोठे शिवलीलामृताचा अकरावा अध्याय नित्य वाचला जाई. नवीन ग्रंथ मिळविण्यापेक्षा एकच ग्रंथ वर्षानुवर्षे पुन्हा ऐकणे, हा या वाचनाचा विशेष होता. त्यामुळे ऐकणाऱ्याला कथा आधीच ठाऊक असे आणि वाचणारा चुकला, तर निरक्षर श्रोताही त्याला अडवू शके.

साक्षरता आणि ग्रंथवाचन या गोष्टी एकरूप नव्हत्या, हे लिपीच्या बाजूनेही दिसते. पंतोजीच्या शाळेत मोडी लेखन व हिशेबाची कोष्टके यांवर भर असे. कुळकर्णी, कारकून व सावकार यांचे सर्व व्यवहार मोडीत चालत. पोथ्या मात्र बाळबोधीत लिहिल्या जात. खतावणी सफाईने वाचणाऱ्याला पोथी तितकीच सुगम असेल, असे नव्हते. उलट, एखाद्याला पोथी वाचता येई, परंतु सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. साक्षरतेच्या एका आकड्यात हा भेद मावत नाही.

तथापि श्रवणाने ग्रंथ सर्वांचा झाला, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. मंदिराच्या सभामंडपातील पोथी ज्यांना मंदिरप्रवेशच नव्हता, त्यांच्यासाठी नव्हती. गुरुचरित्र स्त्रियांनी स्वतः वाचू नये, केवळ ऐकावे, असा दंडक पुष्कळ ठिकाणी होता. महानुभावांनी तर आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले. शिवाय कोणता ग्रंथ लावावा आणि अर्थ काय सांगावा, हे वाचणाऱ्याच्या हाती असे. श्रोत्याला ग्रंथ मिळे. ग्रंथावरचा अधिकार मिळत नसे. पुराणिकाने सांगितलेला अर्थ पोथीत खरोखरच आहे काय, हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. हे साधन म्हणजेच अक्षरज्ञान. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी इ. स. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तिचे महत्त्व या दृष्टीने अधिक स्पष्ट होते. जी पोथी आजवर ऐकून मानावी लागे, ती स्वतः उघडून पाहण्याची शक्यता त्या शाळेने निर्माण केली.

मुद्रणाने ही जुनी रीत एकदम मोडली नाही. शिळाछापावर निघालेल्या पोथ्यांनी हस्तलिखिताचा आडवा, सुट्या पानांचा घाटच पुढे चालविला. मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे मराठी गद्यात रुळली, शब्द सुटे छापले जाऊ लागले आणि एकट्याने, डोळ्यांनी वाचणे सुलभ झाले. रत्नागिरी (१८२८), पुणे (१८४८), ठाणे (१८९३) येथील ग्रंथालयांनी मूक वाचनाला जागा दिली. तरीही ‘केसरी’ (१८८१) सारखे पत्र एकाने वाचावे व भोवतालच्यांनी ऐकावे, ही चाल दीर्घकाळ टिकली. ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हा ग्रंथही फुले यांनी निरनिराळ्या ठिकाणी लोकांना वाचून दाखविला होता. नवा विचारसुद्धा पोथीच्याच जुन्या वाटेने श्रोत्यांपर्यंत गेला.

तेव्हा मुद्रणपूर्व वाचकवर्गाचा विचार करताना दोन प्रश्न वेगळे ठेवणे इष्ट आहे. ग्रंथ किती लोकांपर्यंत पोचला, हा पहिला. आणि तो उघडण्याचा, पडताळण्याचा व नाकारण्याचा अधिकार किती जणांना होता, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साक्षरतेच्या आकड्याहून पुष्कळ मोठे आहे, तर दुसऱ्याचे त्याहूनही लहान असण्याचा संभव आहे. सामान्य माणसाच्या वाचनाचा इतिहास या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे. त्याची साधने दप्तरांत जशी आहेत, तशीच ती ओवीच्या रचनेत आणि रोजच्या क्रियापदांतही आहेत.