चेंडू घरंगळू नये म्हणून

तीन चेंडू एकाच वेळी हवेत खेळते ठेवण्याची कसरत आपण सर्कशीत पाहिलेली असते. घरी येऊन मुले ती रबरी चेंडूंनी करू जातात. चेंडू उसळतो, कपाटाखाली जातो आणि दहा मिनिटांत हौस फिटते. दोष हाताचा नसतो, चेंडूचा असतो.

ही कला फार जुनी. इजिप्तमध्ये बेनी हसन येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्याच्या भिंतीवर चेंडू झेलणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. विल्यम हॅझलिट या इंग्रज निबंधकाराने १८२१ साली भारतीय खेळगड्यांवर लिहिले. पांढरा पोशाख, घट्ट पागोटे. जमिनीवर बसून म्होरक्या आधी दोन पितळी चेंडू उडवतो आणि चारांपर्यंत जातो. ते पाहून हॅझलिटला स्वतःची लाज वाटली. खेळगड्याची चूक तत्क्षणी उघडी पडते, लेखकाची झाकून जाते. आम्हा कवींनीही हे लक्षात ठेवलेले बरे!

पण पितळी चेंडू उस्तादाचा. शिकणाऱ्याच्या हाताला बरा पडेल असा चेंडू जपानमधल्या आज्यांनी शिवला. त्याला 'ओतेदामा' म्हणतात. पूर्वी हा खेळ खड्यांनी खेळत. आपल्या सागरगोट्यांची आठवण यावी असा. पुढे कापडी थैल्या आल्या. उरल्यासुरल्या कापडाची थैली, आत अझुकी नावाचे बारीक लाल कडधान्य. आजीने शिवायच्या, नातीने गाणे म्हणत झेलायच्या. थैली पडली की आतले दाणे सरकतात, म्हणून ती उसळत नाही. पडल्या जागी बसते. तळव्यात आली की तळव्याचा आकार घेते.

शिकायचे असेल तर अशाच थैल्या घ्या. तिन्ही सारख्या वजनाच्या, शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या, मुठीत मावतील एवढ्या. फार हलकी थैली हातात आल्याचे कळत नाही, फार जड थैलीने मनगट दुखते. घरातली ज्वारी किंवा मूग भरले तरी चालेल. मात्र शिवण दुहेरी घाला. पलंगासमोर उभे राहा, म्हणजे दर वेळी वाकावे लागणार नाही. आधी एक, मग दोन, मग तीन. त्या म्होरक्यानेही सुरुवात दोनानेच केली होती.

उस्तादांवर निबंध लिहिले गेले. थैल्या शिवणाऱ्या आज्यांची नावे मात्र कुठे नोंदलेली नाहीत. नातीची थैली शंभरदा पडणार, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी आत दाणे भरले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)