कर्ण्यातलं गाणं, मांडवातलं गाणं

आमच्या पोशीरला लग्न म्हटलं की नेरळहून कर्णेवाला यायचा. बैलगाडीत त्याची पेटी, बॅटरी आणि पेंढ्यात बसवलेल्या रेकॉर्डी. आंब्यावर कर्णा बांधायचं काम आम्हा पोरांचं. साल १९७०-७२ असेल. वरात निघायच्या वेळी हटकून एक रेकॉर्ड लागायची, 'या गो दांड्यावरून'. शाहीर साबळ्यांचं नाव मी असं आंब्यावरून ऐकलं.

आवाज दणकट, पण ओरडा नाही. शेताच्या पार टोकाला उभं राहिलं तरी शब्द न् शब्द कळायचा. आमच्याकडं ना दांडा, ना दर्या, तरी मला वाटायचं हा माणूस आपल्या कुलाबा जिल्ह्यातलाच कुणी कोळी असणार. पुढं कळलं, हे तर वाईजवळच्या पसरणीचे! १९२३चा जन्म, शिकायला अमळनेरला, तिथं साने गुरुजींचा सहवास आणि मग मुंबई. घाटावरच्या माणसानं कोळ्याचं गाणं असं गावं की खालच्या माणसानं फसावं, म्हणजे कान केवढा असेल बघा.

पुढं कॅसेटी आल्या. कर्जतच्या बाजारात भात घातलं की पहिली खरेदी ती. 'महाराष्ट्राची लोकधारा' तर मी इतकी वाजवली की फीत सैल पडली. पेन्सिल घालून गुंडाळायची आणि परत लावायची. वासुदेव, गोंधळी, वाघ्या-मुरळी, कोळीनाच, ही सगळी दारोदारची माणसं त्यांनी एका रंगमंचावर आणली. 'विंचू चावला' हे भारूड नाथांचं, पण माझ्या कानात ते साबळ्यांच्याच आवाजात आहे. 'गर्जा महाराष्ट्र माझा'चंही तसंच. शब्द राजा बढ्यांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, पण गाव म्हणतं साबळ्यांचं गाणं. २०२३ साली ते राज्यगीत झालं. त्यांच्या पत्नी भानुमतीबाई स्वतः कविता करायच्या, त्यांचीही गाणी शाहिरांनी गायली. हे नाव मात्र कर्णेवाल्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

बाईच्या गाण्यावरून आठवलं ते सांगतो. सांगायला जरा जड जातं.

आमची एक म्हातारी आत्या धवलारीण होती. लग्नात हळद लावण्यापासून पुढं प्रत्येक विधीला तिचे धवळे. पोथी नाही, कागद नाही, सगळं पाठ. रात्र रात्र गायची आणि मागं बाया झेलायच्या. १९७९च्या सुमारास चुलतभावाचं लग्न होतं. तोवर मी मोठा झालो होतो, कर्णेवाल्याशी दोस्ती होती, पिन बदलायचा मान माझ्याकडं. हळदीला आत्या धवळे गात होती आणि मी साबळ्यांची रेकॉर्ड लावली. तिनं हात हलवला. मला वाटलं, आवाज वाढव म्हणते. वाढवला.

मग ती स्वतः उठून आली. "आरं पोरा, माजा दम निंगून गेला, तुजी मशीन काय दमत नाय." एवढंच बोलली आणि ओट्यावर पान लावत बसली. बाया हसल्या, मीही हसलो. पुढच्या लग्नांत तिला मानानं बोलवायचे, साडी द्यायचे, पण चार ओळी झाल्या की कर्णा सुरू व्हायचा.

घरात टेपरेकॉर्डर आला तेव्हा ती जिवंत होती. मी त्यावर रेडिओवरची साबळ्यांची गाणी भरून घेतली. तिचं एकही नाही. शाहीर गावोगावचं गोळा करून रंगमंचावर नेत होते आणि त्यांचा हा भक्त आपल्या ओट्यावरचं गाणं बंद करत होता.

शाहीर २०१५ साली गेले. २०२३ साली त्यांचे नातू केदार शिंदे यांनी 'महाराष्ट्र शाहीर' सिनेमा काढला. नातीनं कल्याणला नेऊन दाखवला. अजय-अतुलचं संगीत, 'बहरला हा मधुमास' तिला फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू. पण वाद्यं केवढी! साबळ्यांना एक ढोलकी आणि मागं चार झीलकरी पुरायचे.

घरी आल्यावर नातीनं विचारलं, "आजोबा, धवळे म्हणजे काय?" मी बायकोकडं बघितलं. तिनं तरुणपणी आत्याच्या मागं झेललं होतं. चुलीपुढं बसून तिनं हळदीचं गाणं धरलं, मध्ये अडली, परत पहिल्यापासून धरलं, परत तिथंच अडली. नातीनं मोबाइल पुढं केला होता. चाळीस सेकंद भरलं.