घाट उतरण्याची विद्या

वाहनांच्या इतिहासात वेगाचे पोवाडे पुष्कळ गाइले गेले. वेग आवरण्याच्या विद्येची कथा मात्र क्वचितच कोणी सांगतो. वस्तुतः गाडी हाकण्याचा अधिकार ती थांबविण्याच्या सामर्थ्यावरच अवलंबून असतो. हे सत्य महाराष्ट्राच्या मनावर ठसविले ते बोरघाटाने.

२१ एप्रिल १८६३ रोजी बोरघाटातून आगगाडीचा मार्ग खुला झाला. जेम्स बर्कले या अभियंत्याच्या देखरेखीखाली झालेला हा मार्ग सुमारे पंधरा मैलांत १,८३१ फूट चढतो. कोठे कोठे तर सदतीस फुटांना एक फूट असा त्याचा चढ आहे. चढावर जादा इंजिन जोडून काम भागे. खरी कसोटी उतारावर लागे. वर चढविलेले ओझे उतरताना वेगाच्या रूपाने आपला हिशेब मागते. त्या काळी इंजिनाची शिटी ऐकून निरनिराळ्या डब्यांवरील माणसे हातांनी ब्रेक आवळीत.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ब्रेक अतिजोराने आवळून चाक पुरते जखडले, तर गाडी लवकर थांबत नाही. ती घसरत जाते. फिरत्या चाकाची पकड घसरत्या चाकापेक्षा अधिक असते. म्हणून रुळांवर वाळू सोडून पकड वाढवावी लागे.

पुढे १८७२ साली अमेरिकेत वेस्टिंगहाउसने असा हवेचा ब्रेक सिद्ध केला की, नळी तुटली तर ब्रेक आपोआप लागावा. बोरघाटातील ‘कॅच साइडिंग’चे तत्त्वही हेच. तेथे रुळांचा सांधा एरवी चढावर जाणाऱ्या फाट्याकडे वळविलेला असतो. गाडी थांबली, ताब्यात असल्याची खात्री पटली, की मगच तिला पुढचा मार्ग मिळतो. विश्वास आधी सिद्ध करावा लागतो. १९३० च्या सुमारास विजेची इंजिने आली, तेव्हा उतारावर त्यांच्या मोटारीच वीज निर्माण करून गाडीला आवरू लागल्या.

घाटातील हीच विद्या आज मोटारीत शिरली आहे. १९७८ साली जर्मनीत बॉशची चाक न जखडू देणारी यंत्रणा मोटारीत आली. प्रत्येक चाकाच्या गतीवर तिची नजर असते. चाक अडू लागताच ती ब्रेक क्षणभर सैल करते व पुन्हा आवळते, एका सेकंदात कित्येकदा. निसरड्या जागी चाक जागच्या जागी गरगरू लागले, तर दुसरी यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते. १९९५ साली आलेली तिसरी यंत्रणा चालकाने सुकाणू किती वळविले आणि गाडी प्रत्यक्षात किती वळली यांचा मेळ पाहते, आणि फरक पडताच एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी मार्गावर आणते.

परंतु रस्ता जेवढी पकड देतो, तिच्याहून अधिक कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. थोडे डिझेल वाचविण्यासाठी आजही काही ट्रकचालक घाटात गिअर काढून गाडी मोकळी सोडतात. इंजिनाचा अटकाव नाहीसा होतो, सारा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि ऐन वळणावर निकामी होतात. वाचलेल्या त्या डिझेलचे मोल मग समोरून येणाऱ्या निरपराध माणसांना मोजावे लागते. दीडशे वर्षांपूर्वीच्या ब्रेकवाल्यांना जे कळले होते, ते आपण विसरावे हे शोभत नाही: घाट उतरावयाचा, तर आवरण्याची तयारी उतार लागण्यापूर्वीच हवी.